माळ्यावरची आरण

महाळुंगे पडवळात साळूबाईचं नाव निघालं की माणसं आधी हसतात आणि मग मागं वळून बघतात. बाई अजून धडधाकट आहे, कान तिखट आहेत, आणि आपल्यावर कोण कधी हसलं हे ती वर्षानुवर्षं ध्यानात ठेवते. तेव्हा हसायचं तर जपून. आणि गंमत अशी की हसणाऱ्यांतले निम्मे लोक दर उन्हाळ्यात तिच्याच दारात उभे असतात, कारण बटाट्याची आरण तिच्यासारखी लावणारं दुसरं माणूस आसपासच्या चार-पाच गावांत नाही.

आरण म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगावं लागेल. फेब्रुवारी-मार्चात बटाटा निघतो. उन्हाळा डोक्यावर आलेला असतो, आणि माल उघड्यावर राहिला तर सडायला वेळ लागत नाही. मग आंब्याच्या नाहीतर चिंचेच्या दाट सावलीत जमीन ओलवून घ्यायची, तिच्यावर बटाट्याची लांबट रास घालायची, राशीवर कडुलिंबाचा पाला, पाल्यावर उसाच्या वाळक्या पाचटाचा हातभर जाड थर, आणि रोज संध्याकाळी वरून पाण्याचा हलका शिपका. नीट लागली तर आत बटाटा मिरगाच्या पावसापर्यंत टणक राहतो. नाही लागली तर सगळा चिखल, आणि त्याचा वास पार वेशीपर्यंत. पाचट किती दाबायचं, कुठं सैल सोडायचं, वारा कोणत्या अंगानं आत घ्यायचा, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. ते साळूबाईच्या हातात आहे.

हातात आलं ते सासऱ्याकडून. सावळेराम जुना आरणवाला. साळूबाईच्या लग्नाला चार वर्षं झाली असतील तेव्हा तो बैलगाडीवरून पडला आणि कमरेतून गेला. ऐन हंगाम, चार शेतकऱ्यांना शब्द दिलेला. साळूबाईनं पदर खोचला आणि निघाली. लोक म्हणाले, बाईमाणसानं आरण लावायची म्हणजे काय, बाईचा हात उष्ण असतो, रास सडेल. त्यावर ती म्हणाली की मग तुमच्या घरच्या बाया भाकरी नुसत्या हातावरच भाजत असतील, तवा कशाला घेतलाय. बोलणाऱ्याची बायको तिथंच उभी होती, ती पदर तोंडाला लावून हसली. मिरग निघाला तेव्हा मंचरच्या बाजारातले व्यापारी दलीचंद शेठ माल बघायला आले. त्यांनी कोपरापर्यंत हात आरणीत घातला आणि बराच वेळ बाहेर काढलाच नाही. बाहेर ऊन रणरणत होतं. अखेर शेठ म्हणाले की हात काढवत नाही, इतकं आत गार आहे. त्या दिवसापासून हात उष्ण असल्याची भाषा बंद झाली.

तिचा नवरा भिमाजी. बाई जितकी तोंडाळ तितका तो अबोल. औत, बैल आणि दोन वेळची भाकरी, यापलीकडं त्याची कशाबद्दल तक्रार नसायची. बायको गावभर आरणी लावत फिरते म्हणून कोणी टोमणा मारला तर तो तंबाखू मळत म्हणायचा, मग फिरंना. एवढंच. त्या एवढ्याशा आधारावर साळूबाई तीस वर्षं गावाशी भांडत आली.

घर त्यांचं साधं. दगडमातीच्या भिंती, एक मोठी खोली, पुढं पडवी, खोलीवर लाकडी फळ्यांचा माळा आणि त्याच्यावर कौलं. वानरांच्या टोळ्यांनी कौलांचा पार चुरा केला, पावसाळ्यात घरभर भांडी मांडून ठेवायची वेळ आली. शहाण्णव साली त्यांच्या एकुलत्या मुलानं, गोरखनं, आपल्या कमाईतून पत्रा घातला. गोरख आळेफाट्याला गॅरेजात लागला होता, पुढं त्यानं स्वतःचं गॅरेज टाकलं. पत्रा ठोकायला गावातलाच जानकू होता. पत्रा चकाकायला लागला, गळती थांबली, वानरं घसरून पडायला लागली, सगळे खूश. उन्हाळ्यात मात्र घराची भट्टी व्हायची. देवळीत ठेवलेली मेणबत्ती दुपारी मान टाकायची. पण दुपारी घरात असायचं कोण? दोघंही रानात. कोणी मनावर घेतलं नाही.

दोन हजार तीनच्या दिवाळीत भिमाजीला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. वाचाही गेली, फक्त एक शब्द राहिला: न्हाई. चहा घेता का? न्हाई. मग चहा पुढं केला की पिऊन मोकळा. पाठ दुखती का? न्हाई. डोळ्यांत मात्र पाणी. डॉक्टर म्हणाले, असं होतं, मनात एक असतं आणि तोंडातून तोच एक शब्द निघतो. गावानं त्याच्या 'न्हाई'कडं लक्ष देणं सोडलं. साळूबाईनं तेवढं एक ताडलं होतं. त्याला खरोखर नको असलं की डावा हात बाजेचा कठडा गच्च धरायचा. हवं असलं की हात सैल, बोटं उघडी. ती तोंडाकडं बघतच नसे, हाताकडं बघून घर चालवायची.

थंडी होती तोवर निभलं. फेब्रुवारी सरला आणि पत्रा तापायला लागला. बाजेवरचं माणूस रानात जाऊ शकत नाही, कूस बदलू शकत नाही. घामानं पाठीला चट्टे उठले, मग एक चट्टा फुटला. डॉक्टरांनी साळूबाईला स्पष्ट सांगितलं की याला थंडाव्यात ठेवा, नाहीतर पाठीच्या जखमाच याला नेतील. विजेचा भरवसा नव्हता, भारनियमन नेमकं दुपारी, पंखा नुसता लटकायचा.

पाडव्याला गोरख आला. बापाची पाठ बघितली आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसला. पोरगं वाईट नव्हतं, उलट बापावर जीव होता त्याचा. त्यानं सरळ सांगितलं: गॅरेजामागं दोन खोल्या आहेत, वर स्लॅब आहे, कूलर आहे, इन्व्हर्टर आहे. आबांना नेतो, आये तूपण चल. इथं स्लॅब टाकायची माझी ऐपत नाही.

साळूबाईनं ते गॅरेज बघितलं होतं. मागच्या खोलीच्या खिडकीतून दिसायची ती जुन्या टायरांची चळत. रात्रंदिवस ट्रकांची घरघर. इथं भिमाजीची बाज दाराकडं तोंड करून होती. समोर आंबा, पलीकडं गोठा, गोठ्यात त्याचे बैल, आणि रस्त्यानं जाणारं प्रत्येक माणूस 'काय भिमाजी' म्हणून थांबायचं. तो 'न्हाई' म्हणायचा आणि माणूस हसून पुढं जायचा. हे काढून घेतलं तर या माणसाकडं उरतं काय? तिनं बाजेकडं बघितलं. भिमाजी न्हाई न्हाई म्हणत होता आणि त्याचा डावा हात कठड्यावर पांढरा पडला होता. ती गोरखला म्हणाली, बघ, हात बघ त्याचा. गोरख वैतागून म्हणाला की आबा तर चहालाही न्हाई म्हणतात, त्याचं काय धरायचं.

मायलेकांची चांगलीच जुंपली. शेवटी गोरख उठला आणि म्हणाला, "वैशाखात येतो मी. भर दुपारी याच खोलीत बसतो. मला जर जीव नकोसा झाला, तर जीपमदी घालून दोगांना नेनार. मग रडायचं न्हाई."

"आन जीप," साळूबाई म्हणाली. "पर मोकळी न्यायची तयारी ठिवून आन."

बोलून तर बसली. आता करायचं काय? कोणी म्हणालं पत्र्यावर पाचट टाक, बरेच जण टाकतात. पण तिचं घर माळावर उघडं, एका वावटळीत पाचट शेजारच्या विहिरीत गेलं असतं. दोन दिवसांनी ती कोणाच्या तरी रानात आरण लावत होती. दुपारचं पाणी प्यायला बसली, आणि सवयीनं हात आत घालून बघितला. गार. कोपरापर्यंत गार. तिथंच तिच्या डोक्यात आलं की बटाट्याला जे सुख मिळतं ते माझ्या नवऱ्याला का मिळू नये. पाचट पत्र्यावर नको, पत्र्याखाली पाहिजे, माळ्याच्या फळ्यांवर. तिला स्वतःचा इतका राग आला की विचारू नका. तीस वर्षं जगाचा माल गार ठेवला आणि घरच्या माणसाला तव्यावर ठेवलं.

पाचटाला पैसे पडत नाहीत. ऊस तुटून पारगावच्या कारखान्याला गेला की मागं राहिलेलं पाचट लोक काडी लावून मोकळे होतात. काडी लागायच्या आधी साळूबाई तिथं गाडी घेऊन हजर. बैल भिमाजीचे, गाडी भिमाजीची, हाकणारी ही. शेजारची भागू मदतीला होती. दोघी पाचटाचे भारे माळ्यावर चढवताना जानकू रस्त्यात थांबला आणि चार माणसांच्या देखत म्हणाला की साळूबाई नवऱ्याची आरण लावतीय, आता मिरगालाच उघडणार. माणसं फिदीफिदी हसली. साळूबाई वरूनच म्हणाली, तुझी लावायची असंल तर सांग, पण पाचट पुरायचं नाही. जानकूचं पोट मोठं होतं.

आणि मग तिनं माती खाल्ली. तीस वर्षं जे केलं तेच तिनं केलं. हातभर थर घातला, दाबला, आणि संध्याकाळी पाण्याचा शिपका मारला. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा, तिसऱ्या संध्याकाळी पुन्हा. पहिला दिवस बरा गेला. चौथ्या दिवशी फळ्यांच्या फटींतून भिमाजीच्या पांघरुणावर तांबडं पाणी ठिबकायला लागलं. पाचव्या दिवशी खोलीत उकिरड्याचा वास. वर हात घालून बघितलं तर आतून वाफ येत होती. वरून पत्रा तापलेला, खालून पाणी मुरायला जागा नाही, पाचट कुजायला लागलं होतं. भिमाजीला खोकल्याची उबळ सुटली ती थांबेना.

जानकूनं आळेफाट्याला फोन करून कळवायचं पुण्य घेतलंच. गोरख आला, त्यानं वास घेतला, बापाचा खोकला ऐकला. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "आये, हे मानूस हाये. बटाटा न्हाई." बापाला त्यानं पडवीत उचलून आणलं, पाठ पुसली आणि दिलेला शब्द पाळून परत गेला. वैशाख अजून बाकी होता.

साळूबाई त्या दिवशी जेवली नाही. गावात कोणाची आरण सडली की ती लावणाऱ्याला नावं ठेवायची, आता तिची सडली होती आणि खाली नवरा होता. लाजेनं तिला भागूकडंही बघवेना. पण रडत बसायचा तिचा पिंड नव्हता. सगळं पाचट तिनं खाली ओढलं, अंगणात टाकलं, आणि त्याच्याकडं बघत ओट्यावर बसून राहिली. भिमाजीची बाज पडवीत होती. तो डाव्या हातानं जमीन चाचपत होता, खाली पडलेली तंबाखूची चंची शोधत. त्याचा हात मातीवरून फिरताना बघून तिच्या डोक्यात उजेड पडला. आरणीखाली जमीन असते. पाणी प्यायला जमीन, उष्मा ओढायला जमीन. माळ्याखाली जमीन कुठली, माळ्याखाली माणूस आहे. इथं पाण्याचा थेंब नको. इथं पाचट कोरडं ठणठणीत हवं, आणि पत्र्याची धग पाचटावर बसायच्या आधी बाहेर जायला वाट हवी.

दुसऱ्यांदा तिनं घाई केली नाही. नवं पाचट आणलं, आठ दिवस कडक उन्हात वाळवलं, मुठीत धरल्यावर कडकड मोडलं तेव्हाच घेतलं. मंचरला जाऊन दलीचंद शेठकडं फाटकं बारदान मागितलं. शेठनं कशाला म्हणून विचारलं, तिनं सांगितलं. शेठ हसले नाहीत. म्हणाले, साळूबाई, तुमच्या आरणीत मी हात घातलेला आहे. गोण्यांचा गठ्ठाच दिला. पैशाचं नाव काढू दिलं नाही. गोण्या तिनं चुन्याच्या पाण्यात बुडवून वाळवल्या, वाळवी लागू नये आणि ठिणगी धरू नये म्हणून. आत पाचट, पाचटात कडुलिंबाचा वाळका पाला, तोंड दाभणानं शिवून टाकलं. अशा गाद्या फळ्यांवर एकीला एक चिकटवून मांडल्या. गाद्यांच्या वर आणि पत्र्याच्या खाली वीतभर जागा मोकळी सोडली. मग आढ्याखालच्या दोन्ही तिकोनी भिंतींतले दोन-दोन दगड काढले. वारा एकीकडून शिरायचा आणि धग घेऊन दुसरीकडून निघायचा. उंदीर आणि चिमण्या येऊ नयेत म्हणून भोकांना जाळी. मग भिमाजीची बाज परत आत घेतली.

जानकू परत आलाच. भिंतीतले दगड काढलेले बघून म्हणाला, आधी कुजवलं, आता घर पाडायला निघाली. आणि पाचटाखाली माणूस झोपवणार, उद्या पेटलं म्हणजे? हे शेवटचं त्याचं खरं होतं, आणि त्याचा विचार तिनं त्याच्या आधी केला होता. चूल तिनं कधीच घरातून काढून परसात नेली होती. तिनं हात धरून त्याला परसात आणलं, पाचट भरलेली एक उशीएवढी गोणी उचलली आणि पेटत्या चुलीच्या तोंडाशी धरली. जानकू दोन पावलं मागं सरला. गोणीची कड काळी पडली, धुमसली, पण जाळ धरला नाही. दिवा हातातून सुटून पडलाच तर विझवायला एवढा वेळ पुरतो, ती म्हणाली, आणि माळ्यावर दिवा न्यायला मी बंदीच घातलीय. जानकूनं टोपी सारखी केली आणि वाटेला लागला.

वैशाखातल्या एका दुपारी, एकच्या सुमाराला, जीप दारात लागली. गोरखनं आळेफाट्याहून ड्रायव्हरही आणला होता, मागच्या सीटवर गादी अंथरून आणली होती.  साळूबाई तोंडानं काही म्हणो, तिला माहीत होतं की आता उकडलं तर ती अडवू शकणार नाही. बापाच्या पाठीवरच्या जुन्या खुणा गोरखच्या बाजूनं साक्ष देतील. वीज गेलेलीच होती. अंगणात पाय ठेववत नव्हता, आंब्याखालची कुत्रीसुद्धा जीभ काढून पडली होती.

गोरख आत आला. आधी बापाची पाठ उघडून बघितली. चट्टे सुकले होते, फुटलेल्या जागेवर नवी कातडी धरली होती. तो शेजारच्या बाजेवर बसला, ठरल्याप्रमाणं. मेकॅनिक माणूस, त्यानं वर बघितलं, भिंतीतली भोकं बघितली, फळीला हात लावला. देवळीतली मेणबत्ती बघितली, ती ताठ उभी होती. साळूबाई पडवीत पाठ करून शेंगा फोडत बसली. आत बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. उकडलं तर तो बोलेलच.

टरफलांचा ढीग वाढत गेला. ड्रायव्हर दोनदा डोकावून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा घामानं भिजला होता, म्हणाला मावशी, जरा आत टेकू का, आणि कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसला तो बसलाच. मग साळूबाईला राहवेना. तिनं मान वळवली. गोरख बापाशेजारच्या बाजेवर आडवा झाला होता. बूट पायातच, तोंड उघडं, आणि घोरत होता. वैशाखातल्या दुपारी, पत्र्याच्या घरात, भारनियमनात. भिमाजी जागा होता आणि पोराकडं बघत होता.

साडेचार वाजले तेव्हा गोरख खडबडून उठला. किती वाजले म्हणून विचारलं, सांगितल्यावर खाली मान घालून बसला. गळ्यावर हात फिरवून बघितला, कोरडा होता. साळूबाई दारात उभी राहिली. टोमणे तिच्या जिभेवर रांगेनं उभे होते, महिनाभर जमवलेले. एकही तिनं काढला नाही.

गोरख बापाकडं वळला. "आबा," तो म्हणाला, "चलायचं का आळेफाट्याला?"

"न्हाई," भिमाजी म्हणाला.

या वेळी गोरखनं तोंडाकडं बघितलं नाही. खाली हाताकडं बघितलं. डाव्या हातानं कठडा सोडला होता आणि गोरखचं मनगट धरलं होतं, गच्च. गोरखनं ते सोडवून घेतलं नाही. बसल्या जागेवरूनच त्यानं ड्रायव्हरला हाक मारली.

जीप मोकळी गेली. गोरखही तिच्यात नव्हता.